‘होईल’ म्हणायची सवय आणि एमएसडब्ल्यू

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रवेशाच्या मुलाखतीत ‘मला माणसांची आवड आहे’ एवढंच सांगून थांबू नका. माणसांची आवड असलेल्याला नर्सिंग, समुपदेशन, समाजकार्य असे तिन्ही रस्ते मोकळे दिसतात. पण तिन्हीकडे माणूस वेगळ्या जागी भेटतो.

नर्सला तो कॉटवर भेटतो: ड्रेसिंग, बेडपॅन, टीपीआर (ताप, नाडी, श्वास यांची नोंद), रात्रपाळी. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला बारावीत पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) लागतं. आर्ट्सवाल्यांसाठी ३ वर्षांचं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. समुपदेशकाला माणूस समोरच्या खुर्चीत भेटतो, ठरलेल्या वेळेपुरता. इथे एक गोष्ट स्पष्ट असू द्या: नुसत्या एमएवर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण लागतं. शनिवार-रविवारच्या तीन महिन्यांच्या डिप्लोमाने तर काहीच होत नाही. त्या पैशांत एखादी बरी सायकल येईल.

एमएसडब्ल्यू करून रुग्णालयात गेलात, तर माणूस टेबलापलीकडे भेटतो. बहुतेक वेळा तो रुग्ण नसतो, उपचाराच्या खर्चाची सोय विचारायला आलेला नातेवाईक असतो. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रिपोर्ट, रेशनकार्डाची घडी पडलेली झेरॉक्स आणि कोणीतरी दिलेली चिठ्ठी. टेबलामागच्या मायाळू माणसाचा पाय घसरतो तो इथेच. तो म्हणतो, ‘काळजी करू नका, होईल.’

हे ‘होईल’ काय करतं ते नीट पाहा. विश्वस्त संस्थेच्या धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. म्हणजे २०० खाटांच्या रुग्णालयात २० आणि २०. त्या आज भरलेल्या असतील तर तुमच्या मायेने एकविसावी खाट तयार होत नाही. महात्मा फुले जनआरोग्य या सरकारी मोफत उपचारांच्या योजनेत आजार यादीत असावा लागतो, रुग्णालय योजनेत असावं लागतं आणि शस्त्रक्रियेआधी पूर्वमंजुरी लागते. ती तुमच्या हातात नसते. पण तुम्ही ‘होईल’ म्हटलेलं असतं. त्या भरवशावर नातेवाईक गावाकडच्या भावाला ‘पैसे राहू दे’ असं कळवून मोकळा होतो. तिसऱ्या दिवशी दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून फाईल परत येते. आता मंजुरी नाही आणि भावाने ते पैसे बियाण्यात घातलेले. ज्याचं भलं करायचं होतं त्याचे तीन दिवस तुम्ही खाल्ले.

‘होईल’ऐवजी म्हणायचं वाक्य लांब आणि रुक्ष आहे: ‘अर्ज आज पाठवते. मंजुरी माझ्या हातात नाही. तोवर दुसरी सोयही बघत राहा.’ ते म्हणताना आपण दुष्ट आहोत असं वाटतं. बरेच दिवस वाटतं. तरी म्हणायचं, आणि लगेच कागद तपासायला घ्यायचे: रेशनकार्डात रुग्णाचं नाव आहे का, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का, आधारवरचं स्पेलिंग जुळतं का, डॉक्टरांच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर सही-शिक्का आहे का. कॅशलेस योजनेत डिस्चार्जनंतर भरलेल्या बिलावर दाद मागून सहसा हाती काही लागत नाही. म्हणून हे सगळं दाखल झाल्याच्या दिवशीच.

स्वतःच्या खिशातून औषध आणून देणं आणि स्वतःचा मोबाईल नंबर देणं, ही याच ‘होईल’ची भावंडं. पहिल्याने वॉर्डातले बाकीचे नातेवाईक तुमच्याकडे वळतात, दुसऱ्याने रात्री दोनला फोन वाजतो. नंबर द्यायचा तो विभागाचा.

हे कुठे शिकायचं? फील्डवर्कमध्ये. आठवड्याचे दोन दिवस प्रत्यक्ष संस्थेत काम आणि त्याचं रेकॉर्डिंग, म्हणजे लेखी नोंद. ‘रुग्णाशी संवाद साधला, धीर दिला’ असं लिहिलंत तर काही शिकला नाहीत. तो काय म्हणाला, तुम्ही नेमके कोणते शब्द वापरले, कुठे घाई केली, हे जसंच्या तसं लिहा. आयसीमध्ये (मार्गदर्शकासोबतच्या वैयक्तिक बैठकीत) गोड बोलून सही करणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा ‘हे तुम्ही कशाच्या आधारावर सांगितलंत?’ असा लाल शाईने शेरा मारणारा परवडला. आणि ज्या कॉलेजात फील्डवर्कची डायरी घरी बसून भरली तरी चालते, तिथे फी भरू नका. पदवी मिळेल, पण टेबलामागे पहिल्याच सोमवारी उघडे पडाल.

घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. हळव्या माणसाला हे काम जमत नाही, हा गैरसमज आहे. अवयव प्रत्यारोपण समन्वयकाचं काम पाहा. २०१४च्या नियमांनी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांना हा समन्वयक नेमावाच लागतो आणि एमएसडब्ल्यू झालेल्यांना तिथे जागा आहे. मेंदूमृत्यू ठरवायला किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी होते. मॉनिटरवर ठोके दिसत असताना ‘तुमचा माणूस गेला आहे’ हे घरच्यांना उमगेपर्यंत अवयवांचा विषय काढायचा नसतो. तेवढा वेळ शेजारी गप्प बसता येणं आणि ते ‘नाही’ म्हणाले तर त्याच सुरात ‘बरं’ म्हणून मृतदेह ताब्यात मिळण्याची व्यवस्था समजावणं, हे कोरड्या माणसाला साधत नाही.

नोकऱ्यांचं मात्र आधीच ऐकून ठेवा. सरकारी योजनांतली बरीच पदं ११ महिन्यांच्या कंत्राटावर भरतात आणि नूतनीकरणाच्या महिन्यात कोणाचाच जीव थाऱ्यावर नसतो. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हे गणित प्रवेशाआधी मांडा.

अजून ठरत नसेल तर अर्ज भरण्याआधी एक सकाळ सरकारी रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (योजनेचे कागद पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) टेबलाजवळच्या बाकावर बसा. कोणाला मदत करायला उठू नका. किती जण परत पाठवले जातात आणि कोणत्या कागदासाठी, एवढंच वहीत टिपा. दोन तासांनी तुम्हाला नुसतं भरून येतंय, की रांगेतल्या पुढच्या माणसाच्या पिशवीत कोणता कागद नसेल याचा अंदाज यायला लागलाय, ते बघा. दोन्ही होत असेल तर फॉर्म भरा.