वॉर्डातून आयसीयूत कधी? न्यूज-२ चा इशारा लावताना

वॉर्डातला रुग्ण ढासळतोय हे सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बरेचदा न्यूज-२ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) हा श्वास, नाडी, रक्तदाब वगैरेंना गुण देऊन बेरीज करणारा गुणांक असतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा, २०१७ चा. बेरीज ५ झाली की तातडीचा, ७ झाली की आणीबाणीचा इशारा लावा. १६ वर्षांखालील मुलं आणि गरोदर बायकांसाठी तो बंदच ठेवा.

पावसाळ्यात फोंड्यात तापाने दाखल झालेला बागायतदार घ्या. श्वास २२ (२ गुण), एसपीओटू म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण ९४ टक्के (१), ऑक्सिजन चालू (२), वरचा रक्तदाब १०८ (१), नाडी १०४ (१), ताप ३८.४ सेल्सिअस (१), शुद्ध नीट (०). बेरीज ८. ऑक्सिजनची खूण करायची राहिली की ६. त्यात श्वास न मोजता सवयीने १८ लिहिला की ४, आणि इशारा गप्प! म्हणून श्वास पूर्ण ६० सेकंद मोजा, आणि मागचा आकडा आपोआप उचलण्याची सोय त्या रकान्यापुरती काढून टाका.

'नवा गोंधळ' याला एकदम ३ गुण. पेडण्याच्या आजीला इंग्रजीत तारीख विचारून तो भरू नका. कोकणीत नाहीतर मराठीत विचारा.

कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या सीओपीडी (फुप्फुसाचा जुनाट आजार) रुग्णाला एसपीओटूचे गुण देण्यासाठी ८८–९२ टक्के लक्ष्याची दुसरी मोजपट्टी लागते. ती निवडायचा अधिकार फक्त डॉक्टरच्या लॉगिनला द्या.