छिद्राच्या कडेची बायोप्सी: आधी बाजू ठरवा, मग स्लाइड बघा

कानाच्या पडद्याचे तीन थर पाठ असतीलच: बाहेर त्वचेसारखं स्क्वेमस आवरण, मध्ये तंतुमय थर, आत श्लेष्मल आवरण. सतत वाहणाऱ्या कानात छिद्राच्या कडेला शोधायचं ते मोजकंच: स्क्वेमस आणि श्लेष्मल आवरण नेमकं कुठे भेटतं, मधला तंतुमय थर किती उरलाय, कोलॅजन एकसंध होऊन त्यात कॅल्शियम साचलंय का, लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या दाहाच्या पेशी किती.

फसगत पहिल्याच मुद्द्यावर होते. ‘स्क्वेमस दिसतंय म्हणजे ती बाहेरची बाजू’ असं धरून स्लाइड वाचली, तर स्क्वेमस आवरण कडेवरून वळून आत शिरल्याचं कधीच सापडणार नाही. शोधायचंय तेच आधी गृहीत धरलं जातं! आणि तेच महत्त्वाचं आहे, कारण आत वळलेलं आवरण न काढता ग्राफ्ट (छिद्र बुजवायचा ऊतीचा तुकडा) लावला तर त्यामागे कोलेस्टिअटोमा, म्हणजे आत अडकलेल्या त्वचेची वाढत जाणारी गाठ, होऊ शकतो.

म्हणून शस्त्रक्रियेत छिद्राची कड ताजी करताना निघालेली पट्टी टेबलवरच फिल्टर पेपरवर पसरा, बाहेरची बाजू वर. त्या बाजूला इंडिया इंकचा बारीक ठिपका द्या, वाळू द्या, मग कागदासकट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये. ब्लॉक करताना, म्हणजे पट्टी मेणात बसवताना, ती आडवी झोपवू नका. उभी रोवा, म्हणजे ब्लेड तिच्या लांबीला काटकोनात जाईल. झोपलेल्या पट्टीत काप तिरका जातो, आवरण उगाच जाड दिसतं आणि तंतुमय थरात स्क्वेमसची सुटी बेटं दिसतात. ती बघून ‘आत वाढलंय’ लिहायचा मोह होतो. लिहू नका, आणखी खोल काप मागवा. बेट पुढे पृष्ठभागाला जाऊन मिळालं तर तो बहुधा तिरक्या कापाचा खेळ असतो.

हे प्रबंधाच्या गाइडपेक्षा ब्लॉक करणारा तंत्रज्ञ चांगलं शिकवतो; त्याच्याजवळ बसा. प्रबंधासाठी जुने ब्लॉक गोळा करायचा शॉर्टकट या प्रश्नापुरता निरुपयोगी आहे, त्यांवर शाईच नसते.

बाकीचं सोपं आहे, घाबरू नका. तंतुमय थरासाठी मॅसन ट्रायक्रोम हा कोलॅजन दाखवणारा स्टेन. खडूसारखे पांढरे चट्टे असतील तर कॅल्शियमचे साठे दाखवणारा व्हॉन कोसा, पण डीकॅल्सिफिकेशनच्या (आम्लाने कॅल्शियम काढण्याच्या) आधी. आम्लात कॅल्शियम विरघळलं की स्टेनला काही उरत नाही. चिमट्यात चिरडलेल्या भागातल्या पेशी मोजू नका. कान वाहता होता की कोरडा, हे फॉर्मवर हवंच, नाहीतर दाहाच्या प्रमाणाला अर्थ नाही.

शाई पुसली गेली असेल तर अहवालात सरळ ‘बाजू ठरवता आली नाही’ असं लिहा आणि तो नमुना ‘स्क्वेमस आत वळलंय का’ या मोजणीतून वगळा.