सगळ्यांसाठी वर्कशॉप घेताय? आधी संडासाचं दार उघडून बघा

यंदाही गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तींचं वर्कशॉप आणि संध्याकाळी एक छोटं नाटक करणार आहोत, सगळ्यांसाठी, म्हणजे खरंच सगळ्यांसाठी, व्हीलचेअरवरचे, अंध, कर्णबधिर, ऑटिझम असलेली मुलं, त्यांच्याबरोबर येणारे आणि गावातले बाकी कुणीही. गेल्या वर्षी पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या हातून एक गोष्ट राहिली, ती अजून डोक्यातून जात नाही, म्हणून ही तयारी लिहून काढतेय, आमच्या ग्रुपसाठी आणि तुम्ही कुणी असं करणार असाल तर तुमच्यासाठीही.

पहिलं संडास. मांडव, पत्रिका, पाहुणे सगळं नंतर. गेल्या वर्षी मी हॉलवाल्यांना फोनवर विचारलं, अपंगांसाठीचा संडास आहे का, ते म्हणाले आहे, मी वहीत टिक केली आणि पुढे गेले. होताच तो. बाहेर निळा बोर्ड, आत भिंतीला दांड्या, आणि दाराला कुलूप. चावी ज्यांच्याकडे ते गावाला गेलेले. शेवटी कुलूप तोडलं तर आत मोडक्या खुर्च्या, झाडू, जुने बॅनर, फिनेलचे कॅन, कमोडपर्यंत चालत जायलाही वाट नाही. चाळीसेक किलोमीटरवरून एक ताई आल्या होत्या, व्हीलचेअर वापरतात, त्या सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या कारण बाहेर जायचं असलं की त्या पाणी पितच नाहीत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. चारच्या सुमाराला त्यांना थांबता येईना, आम्ही इकडे कुलूप तोडतोय तोवर त्या गाडीत बसून निघाल्यासुद्धा. त्यांच्या गणपतीला फक्त सोंड लावायची राहिली होती.

तर संडास आहे का असं विचारायचं नाही. जायचं, चावी मागायची, दार उघडायचं, आत बघायचं. एखाद्या दवाखान्यातून किंवा भाड्याने खरी व्हीलचेअर न्या आणि कुणीतरी तिच्यात बसून आत जा, दार लावा, वळा, कमोडच्या बाजूला खुर्ची लागते का बघा. दार किमान ९० सेंटीमीटर हवं, आत वळायला दीड मीटरचा गोल मोकळा हवा, दार बाहेर उघडणारं असेल तर उत्तम कारण आत उघडणाऱ्या दाराने निम्मी जागा जाते. नळाला पाणी, पाण्याचा मग हाताशी, कडी बसून लागते का. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे अशा जागा बांधल्या जातात, पण बांधलेला म्हणजे उघडा असं नाही हो.

आता रॅम्प. मांडववाल्याला नुसतं रॅम्प कर म्हटलं की तो दोन फळ्या टाकतो आणि तिरप्या घसरगुंडीवरून चौघं मिळून खुर्ची ढकलतात, याला रॅम्प म्हणत नाहीत. एकास बारा, म्हणजे पायरीची उंची एक फूट तर रॅम्प बारा फूट लांब. आमच्या हॉलचा जोता दीड फूट, म्हणजे १८ फूट, तेवढी जागा दारासमोर आहे का ते आधीच मोजा. दोन्ही कडांना पट्टी ठोका, चाक खाली जायला नको, आणि ऑगस्ट आहे, प्लायवूड ओलं झालं की निसरडं होतं, वर काथ्याची चटई घट्ट ठोकून घ्या.

स्टेजचं तर कुणी बोलतच नाही. प्रेक्षक म्हणून आपण लोकांना आत घेतो, पण नाटकात काम करणारा मुलगा व्हीलचेअरवर असेल तर? स्टेज तीन फूट उंच, त्याला ३६ फुटांचा रॅम्प लागेल, तो काही होत नाही, आणि उचलून वर नेणं मला अजिबात मान्य नाही, माणसाला सगळ्यांसमोर पोत्यासारखं उचलायचं नसतं. स्टेज सोडा. जमिनीवर, मधे मोकळी जागा ठेवून तीन बाजूंनी प्रेक्षक बसवा, नाटक तिथेच छान होतं.

पत्रिका. व्हॉट्सॲपवर सुंदर चित्र बनवून टाकतो ना आपण, ते अंध माणसाच्या फोनला बऱ्याचदा नीट वाचता येत नाही, टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, पुष्कळदा नुसतं इमेज म्हणून सांगते. चित्राखाली सगळा मजकूर टाइप करून टाका, युनिकोडमध्येच, म्हणजे फोनवर नेहमी टाइप करतो त्या मराठीत. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टमधून कॉपी केलंत तर भलतीच अक्षरं वाचली जातील. आणि पत्रिकेत नुसतं 'सर्वांना प्रवेश' लिहू नका, काय आहे ते लिहा, रॅम्प आहे, सांकेतिक भाषेचे दुभाषे आहेत, बरोबरच्या माणसाला फी नाही, आणि संडास आहे व तो आम्ही स्वतः उघडून बघितलाय. खरंच बघितला असेल तरच लिहायचं.

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच की आपल्या गावात असे किती लोक आहेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर मोजले गेले, तेही आठ प्रकारांत, २०१६च्या कायद्यात प्रकार २१ आहेत. ते दिसत नाहीत कारण येता येत नाही, आणि येणारी एक बाई चार वाजता परत जाते.

सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन घ्या, एक नाही. वीसेक मिनिटांनी आलटून पालटून करतात, एकट्याचे हात आणि डोकं दोन्ही थकतं. माणसं कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे महिनाभर आधी बोला. नाटकाची संहिता आठ दिवस आधी त्यांच्या हातात पडू दे, सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, शब्दाला शब्द लावून होत नाही. आणि नाटकात अंधार केलात तरी दुभाष्यांवरचा दिवा चालू राहिला पाहिजे, तो बॅटरीवर ठेवा कारण पावसात लाइट जातेच.

मूर्तीच्या टेबलाबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे खूप शिकायला मिळालं. टेबलाखाली व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे गेले पाहिजेत, आडवी फळी असलेली टेबलं नकोत. शिकवणाऱ्याला सांगून ठेवा, आधी बोलायचं मग करून दाखवायचं, दोन्ही एकदम नाही, कारण कर्णबधिर मुलगी एकतर दुभाष्याकडे बघेल किंवा तुमच्या हाताकडे. अंध मुलांसाठी प्रत्येक टप्प्याचा वाळलेला नमुना हवा, नुसती बैठक, मग पोट आणि मांड्या, मग हात, मग सोंड, म्हणजे ते चाचपून आपल्या मूर्तीशी ताडून बघतात. कच्ची शाडू हाताळून हाताळून मोडते, दोन संच करा. 'हात लावू नका'वाली पाटी तर ठेवूच नका, दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचं दालन केलंय तिथे प्रतिकृती हाताने चाचपून बघायलाच ठेवल्यात, आपल्या हॉलमध्ये कसली भीती. आणि प्रत्येकाच्या जागेवर ओला टॉवेल आणि वाटीत पाणी, हे मला आधी सुचलंच नव्हतं, हात मातीने भरले की चाक ढकलता येत नाही, पांढरी काठी धरता येत नाही, खुणा करून बोलता येत नाही, ब्रेल वाचता येत नाही.

ब्रेल लेबलं अंधशाळेतून करून घ्या. ब्रेल मराठीत वाचतं कोण असं आमच्यातल्याच एकाने विचारलं होतं, 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ मध्ये सुरू झालं ते वाचणारे होते म्हणूनच ना. पण मोठेपणी दृष्टी गेलेल्या बऱ्याच जणांना ब्रेल येत नाही, त्यांच्यासाठी तीच माहिती आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. लेबलाच्या वरच्या कोपऱ्यात पेनने खूण करून घ्या, नाहीतर आपली डोळस मंडळी ती उलटी चिकटवतात.

ऑटिझम असलेल्या मुलांसाठी एक शांत खोली, पंखा, सतरंजी, मंद दिवा, बास. उद्घाटनाला ढोल-ताशा नको म्हणजे नकोच.

आदल्या दिवशी पुन्हा संडास. हो, पुन्हा. महिन्यापूर्वी रिकामा होता म्हणजे आज असेल असं नाही, मधे एखादं लग्न होतं आणि उरलेल्या खुर्च्या तिथेच जातात. चावीची डुप्लिकेट करून एक माझ्याकडे, एक दारावरच्या मुलाकडे. शक्य असेल तर कुलूपच काढून घरी आणा.

कार्यक्रमाच्या दिवशीचं फार लिहीत नाही. एसटी स्टँडवर दोघं उभे करा. खुर्ची ढकलण्याआधी, हात धरण्याआधी विचारा. बोलायचं त्या माणसाशी, बरोबरच्याशी नाही. सकाळी आठला संडास, दुपारी जेवणानंतर संडास, पाणी आणि साबण बघून यायचं, वहीत वेळ लिहायची.

नंतर मूर्ती पॅक करून द्यायच्या, खोके लागतील, वर्तमानपत्र लागेल. बाकीचं गेल्या वर्षीसारखं.

ताईंना परवा फोन केला. यंदा याल का विचारलं. येते म्हणाल्या, पण आधी आतला फोटो पाठवा, दार उघडं ठेवून काढलेला. शनिवारी हॉलवर जाऊन काढणार आहे.