थायलंडमध्ये कुकिंग क्लास लावताय? आधी हे विचारून घ्या

चियांग माईला असे क्लास गल्लोगल्ली आहेत. बुकिंगआधी दोनच गोष्टी विचारा: बाजारफेरी आहे का, आणि प्रत्येकाला वेगळी शेगडी व कढई मिळते का. नाहीतर कढईत शिक्षक परतणार, तुम्ही फोटो काढणार!

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढ्याने भागत नाही. फिश सॉस, ऑयस्टर सॉस आणि करी पेस्टमधली सुक्या कोळंबीची आंबवलेली पेस्ट, तिन्ही नकोत असं बुकिंग करतानाच कळवा. बहुतेक ठिकाणी सोया सॉस आणि मशरूम सॉसवर काम भागवतात, पण पेस्ट आयत्या वेळी बदलता येत नाही.

पदार्थ निवडायला सांगितले तर पॅड थायच्या (परतलेल्या नूडल्सच्या) मोहात पडू नका. ग्रीन करी घ्या. खरं कसब तिच्या वाटणात आहे. दगडी खलात आधी चिवट गलांगल (आल्यासारखा एक कंद) आणि गवती चहाचे खालचे पांढरे दांडे मिठासोबत कुटायचे, ओला कांदा-लसूण नंतर. मग नारळाचं घट्ट दूध आटवून तेल सुटलं की त्यात वाटण परतायचं. मालवणी घरातल्या माणसाला हा वास लगेच पटतो. गलांगलऐवजी आलं मात्र चालत नाही, चव पार बदलते.

सकाळच्या क्लासला नाश्ता करून जाऊ नका, केलेलं सगळं तिथेच खायचं असतं. आणि विकतची करी पेस्ट परत आणताना चेक-इन बॅगेत टाका. केबिन बॅगेत ती द्रवपदार्थात मोजतात, म्हणजे १०० मिलीची मर्यादा.