बाळाला मायक्रोसेफली आहे असं कळल्यावर आई-बाबांनी एकमेकांना कसं सांभाळावं

बाळाच्या डोक्याचा घेर कमी आहे, मायक्रोसेफली आहे, हे दोघं एकाच खोलीत, एकाच वेळी ऐकतात. पण दोघांच्या मनात ते सारखं उतरत नाही. एकाला त्याच रात्री मिळेल ते वाचून काढायचं असतं, दुसऱ्याला त्याबद्दल एक शब्दही ऐकवत नाही. एकाचं रडू थांबत नाही, दुसरा गप्प राहून कामं उरकत राहतो. मग "तुला काही वाटतच नाही का?" हा प्रश्न येतो आणि नको तितका खोल लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी एकमेकांना सांगून ठेवा: दुःख दोघांनाही आहे, ते बाहेर पडण्याची रीत वेगळी आहे.

१. माहिती दोघांनी मिळून घ्या

एकाने डॉक्टरांकडे जायचं आणि घरी येऊन दुसऱ्याला सांगायचं, ही पद्धत शक्यतो टाळा. सांगणाऱ्यावर वाईट बातमीचं ओझं पडतं आणि ऐकणाऱ्याला अर्धवटच कळतं. जाणं जमत नसेल तर डॉक्टरांच्या परवानगीने फोन स्पीकरवर ठेवा. एकाने बोलावं, दुसऱ्याने लिहून घ्यावं.

एक गोष्ट दोघांनाही नीट माहीत हवी. वय आणि लिंगानुसार बाळांच्या डोक्याच्या घेराची सरासरी ठरलेली असते. घेर त्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांहून (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेले असतात याचं माप) जास्त खाली असेल तर साधारणपणे मायक्रोसेफली म्हणतात, तीनहून जास्त खाली असेल तर तीव्र. मूल पुढे काय करू शकेल, हे मात्र फक्त या आकड्यावरून सांगता येत नाही. काही मुलांची वाढ जवळपास इतरांसारखी होते, विशेषतः घेर थोडाच कमी असेल आणि कुटुंबातच डोकं लहान असेल तर. काहींना आकडी, दूध गिळण्यात अडचण, ऐकण्या-पाहण्यातले दोष, हालचाल आणि शिकणं यांत बरीच मदत लागते. म्हणून असे प्रश्न विचारा: घेर वाढतोय का, किती वेगाने? एमआरआयमध्ये मेंदूची रचना कशी दिसते? कान आणि डोळे कधी तपासायचे? फिजिओथेरपी कधी सुरू करायची? मेंदूची वाढ पूर्ववत करणारा उपचार आज नाही, पण थेरपी लवकर सुरू केल्याने मुलाला जे जमू शकतं ते जमायला मदत होते.

आणि घरी रोज टेप लावू नका. टेप जराशी सरकली तरी आकडा बदलतो आणि त्या दोन-चार मिलिमीटरवर दोघांचा अख्खा दिवस जातो. मोजमाप दवाखान्यात होऊ दे.

२. 'कोणामुळे?' हा प्रश्न एकमेकांवर टाकू नका

नात्याचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कारणं अनेक आहेत: जनुकांतले बदल, गरोदरपणातले सायटोमेगालोव्हायरस, रुबेला, टॉक्सोप्लाझ्मा किंवा झिका (डासांमार्फत पसरणारा विषाणू) यांसारखे संसर्ग, बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, तीव्र कुपोषण, दारूचा गर्भावर होणारा परिणाम. कित्येकदा तपासण्या करूनही कारण सापडत नाही.

२०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात झिकाच्या साथीनंतर अशी बाळं मोठ्या संख्येने जन्मू लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली. झिका झालेल्या बहुतेकांना लक्षणंच जाणवत नाहीत. सायटोमेगालोव्हायरसचंही तसंच. मग "तेव्हा काळजी का घेतली नाहीस?" या प्रश्नाला अर्थच उरत नाही, जे कळलंच नाही त्याची काळजी कशी घेणार?

जनुकीय कारणातही तेच. अप्रभावी (रिसेसिव्ह) प्रकारात बदललेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेलं असतं, दोघंही स्वतः निरोगी असतात आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के असते. पण असेही प्रकार आहेत जिथे बदल कोणाकडूनच आलेला नसतो, बाळातच नव्याने झालेला असतो. म्हणून जनुकीय समुपदेशकाकडे जोडीने जा. मनात काही खुपत असेल, एखादं औषध, एखादी सवय, तर ते तिथे मोकळेपणाने बोला. घरातल्या भांडणात ते शस्त्र म्हणून वापरू नका.

३. बोलण्याआधी एक प्रश्न विचारा

"तुला आत्ता उपाय हवाय, की मी फक्त ऐकून घेऊ?" एवढं विचारलं तरी बरेच वाद टळतात. दिवसातला थोडा वेळ या विषयासाठी ठरवून ठेवा आणि एखाद्या संध्याकाळी "आज आजाराबद्दल नको" असं म्हणायची दोघांनाही मुभा द्या. बाळाचं हसणं, त्याच्या अंगाचा वास, त्याच्या झोपण्याच्या तऱ्हा यांबद्दलही बोला. ते निदान होण्याआधीपासून तुमचं बाळ आहे.

४. सगळं एकाच्याच हातात जाऊ देऊ नका

काही आठवड्यांत एक जण "सगळं येणारा" होतो आणि दुसरा बाजूला पडतो. पहिला थकतो, दुसऱ्याला परकं वाटू लागतं. थेरपीचे व्यायाम, दूध पाजायची पद्धत, औषधांच्या वेळा दोघांनीही शिका. आकडी आली तर काय करायचं तेही: बाळाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. ही पहिलीच आकडी असेल, ती पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा श्वासाला त्रास दिसला तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

एक वही ठेवा, दोघांनीही त्यात लिहा. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. ज्याची पाळी नाही त्याने खरंच झोपावं, कानोसा घेत पडून राहू नये.

५. नातेवाइकांना काय सांगायचं ते आधी ठरवा

दोन वाक्यं पुरतात. आपापल्या घरच्यांना आपणच सांगावं. कोणी आईला दोष देऊ लागलं तर बाबांनी तिथेच थांबवावं. तिला स्वतःची बाजू मांडायची वेळ येऊ देऊ नये.

६. जोडीदार खचतोय हे ओळखा

बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, बाळाला जवळ घ्यावंसं न वाटणं, दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास राहणं, ही डॉक्टरांना दाखवण्याची लक्षणं आहेत. प्रसूतीनंतरचं नैराश्य वडिलांनाही येतं आणि ते बऱ्याचदा चिडचिडीच्या रूपात दिसतं. जीव द्यावासा वाटतो किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येतात, असं जोडीदाराच्या बोलण्यात आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

"तू कोणाला तरी भेट" एवढं म्हणून भागत नाही. खचलेल्या माणसाला फोन लावणंही जड जातं. वेळ तुम्ही घ्या, बाळाला कोण बघणार ते ठरवा आणि सोबत जा.