शॉकअपच्या गंजलेल्या नळ्या घरी कशा दुरुस्त कराव्यात

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमधून तेल गळू लागलं की बहुतेक जण नवं ऑइल सील (नळीभोवती बसून तेल अडवणारी रबरी कडी) टाकून मोकळे होतात आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा गळतं. नळीवरचं क्रोम फुटून गंजाचे खड्डे पडलेले असतील, तर कितीही सील बदला, त्या खड्ड्यांच्या कडा सीलची कड कापत राहणारच. म्हणून आधी नळी बघा.

खान्देशात गंजाला निमित्तं भरपूर. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नळीला लिंपला जातो आणि ओल धरून बसतो. हँडलला पोटॅशची किंवा युरियाची गोणी टेकवून शेतात नेण्याची सवय त्याहून घातक. सांडलेलं खत हवेतली ओल ओढतं आणि क्रोमच्या बारीक चिरांतून आतलं लोखंड खातं.

नळी डिझेलने पुसून सीलच्या जरा वर प्लास्टिकचा केबल टाय घट्टसर बांधा. गतिरोधकांवरून एक फेरी मारा, ब्रेक दाबून बघा. टाय जिथवर सरकला, तिथवरच सील फिरतं. त्याच्या वरचा गंज दिसायलाच वाईट. खरी काळजी या खालच्या पट्ट्याची.

पट्ट्यावर नख फिरवा. नख अडकत नसेल, तर अ‍ॅल्युमिनियम फॉईलचा बोळा पाण्यात भिजवून घासा. क्रोम त्याहून कठीण, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. वर तेलाचा हात फिरवला की काम झालं.

नख अडकलं, तर खड्डे भरावे लागतील. सुईने आतला गंज खरवडा आणि थिनरने पुसा. तेलाचा अंशही राहता कामा नये. भरायला दोन ट्यूबचं, सावकाश वाळणारं इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत वाळणारं इथे टिकत नाही. खड्ड्यावर किंचित उंचवटा राहील इतकं भरा आणि २४ तास हात लावू नका. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात मिश्रण वाटीतच घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा आणि सावलीत बसा. वाळल्यावर उंचवटा ब्लेडने तासा, मग १००० आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर तेलात भिजवून वापरा. कागद नळीभोवती गोल फिरवायचा, वर-खाली नाही. उभ्या ओरखड्यांतून तेलाला वाट मिळते. शेवटी कापसाचा बोळा फिरवा, कापसाला आपल्याकडे काय तोटा! एक तंतूही अडकला, तर अजून घासायचं आहे.

आता नवं सील. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या. नळी टीमध्ये (हँडलखाली दोन्ही नळ्या धरून ठेवणाऱ्या जोडात) आवळलेली असतानाच तिच्या तोंडावरचा बोल्ट सैल करा, नंतर टीचे बोल्ट. आत स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून बोल्ट पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा आणि वरून हाताने दाब द्या. नवं सील चढवताना नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पातळ पिशवी ओढून तिला तेल लावा, म्हणजे सीलची कड फाटत नाही. तेल गाडीच्या पुस्तकात दिलेलं आणि दोन्ही बाजूंना सारखंच मोजून घाला.

मात्र खड्डे भरण्याचा खटाटोप करण्याआधी नळी काढून काचेवर लोळवून बघा. डगमगली तर ती वाकलेली आहे. तिच्यावर इपॉक्सी वाया घालवू नका. सील फिरतं त्या पट्ट्यात खड्ड्यांचं जाळं असेल तरीही नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीची नवी नळी सहज मिळते, ती घ्यावी. राजदूत किंवा आरएक्स १०० सारख्या जुन्या गाडीची मूळ नळी मिळत नसेल, तर हार्ड क्रोम करून घेणं परवडतं. त्यात नळी घासून, क्रोम चढवून पुन्हा मूळ मापाला आणतात. शोभेच्या वस्तूंना चकाकी देणाऱ्या दुकानातलं क्रोम इथे चालत नाही, ते फार पातळ असतं.

गळालेलं तेल पुढच्या ब्रेकपर्यंत गेलं असेल, तर ब्रेक शू बदला, ड्रम थिनरने पुसा आणि पहिले काही ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, हळू वेगात दाबून बघा.