फायनान्शियल मॅटर्सची प्रॅक्टिस करायचीय? मग या चुका टाळा

कमर्शियल लिटिगेशन करायचंय म्हणून दरवर्षी बरीच पोरं-पोरी फोर्टातल्या चेंबरांमध्ये आणि सॉलिसिटर फर्म्समध्ये जॉइन होतात, आणि जवळजवळ सगळ्यांना पहिल्या महिन्यापासून कोर्टात उभं राहून बोलायचं असतं. पण पैशाची मॅटर्स, म्हणजे बँकेचं लोन, डिबेंचर, सप्लायरचं थकलेलं बिल, ब्रोकर आणि क्लायंटची भांडणं, ही बोलण्यावर फार कमी जिंकली जातात. आकडे आणि तारखा जुळवल्या असतील तर सिनियर बोलू शकतो, नसतील तर कितीही मोठा सिनियर ब्रीफ करा, पहिल्या पाच मिनिटांत अडकतो आणि मागे वळून तुमच्याकडेच बघतो.

स्टेटमेंट न वाचता ड्राफ्टिंगला बसणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त दिसणारी. क्लायंटने अकाउंट स्टेटमेंट पाठवलं की ज्युनिअर शेवटचं पान उघडतो, खालचा आकडा उचलतो आणि प्लेंटमध्ये, म्हणजे दाव्याच्या अर्जात, टाकतो. मग होतं असं की डिमांड नोटिशीत एक आकडा, प्लेंटमध्ये दुसरा, आणि पर्टिक्युलर्स ऑफ क्लेममध्ये तिसराच. फरक कदाचित फक्त व्याजाच्या तारखेचा असतो, पण समोरचा वकील तेवढंच धरून बसतो की यांनाच माहीत नाही किती येणं आहे, आणि समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा, असेल तर डिफेंडंटला लीव्ह टू डिफेंड, म्हणजे बचाव करायची परवानगी, मिळायला एवढंही कधी कधी पुरतं.

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. एक्सेल उघडा, मुद्दल वेगळं, करारातलं व्याज वेगळं, दंडाची रक्कम वेगळी, आणि सगळ्याला एकच कट-ऑफ तारीख. मधे जे पैसे आले ते कशात वळते केले, आधी व्याजात की मुद्दलात, आणि करारात त्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. करार गप्प असेल तर कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टची कलमं 59 ते 61 आहेत, ती कॉलेजात कोणी धड वाचत नाही आणि इथे रोज लागतात. दंडाचा रकाना वेगळा ठेवा म्हणतोय त्याला कारण आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 च्या सर्क्युलरमध्ये बँकांना आणि एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्यांना, सांगितलं की हप्ता चुकला तर दंड पीनल चार्जेस म्हणून लावा, व्याजदरात मिसळू नका आणि त्याच्यावर पुन्हा व्याज चढवू नका. त्यामुळे बॉरोअरकडून असाल तर स्टेटमेंटमध्ये पहिली शोधायची ती ही एन्ट्री, आणि बँकेकडून असाल तर समोरच्याने शोधायच्या आत तुम्ही शोधा.

आणि क्लायंटच्या अकाउंटंटला भेटा. डायरेक्टरला नाही, लीगल हेडला नाही, ज्या माणसाने लेजर लिहिलंय त्याला. त्याच्यासोबत तासभर बसलात तर कळतं की अमुक जर्नल एन्ट्री का मारली, क्रेडिट नोट कोणाच्या सांगण्यावरून दिली, टीडीएस समोरच्याने कापला होता का. 26एएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या टीडीएस स्टेटमेंटमध्ये, त्याने व्याजावर टीडीएस भरलेला दिसला तर व्यवहार झालाच नाही म्हणणं त्याला जड जातं, अर्थात एकट्या त्याच्यावर केस उभी करू नका.

मुदतीचा हिशोब शेवटी करणं

येणं वसूल करायला साधारण तीन वर्षं, हे सगळ्यांना पाठ असतं. ती तीन वर्षं कधीपासून मोजायची इथे घोळ होतो. फाइल हातात आली की सगळ्यात आधी तारखांचा तक्ता करा: डिफॉल्ट कधी, शेवटचं पेमेंट कधी, लेखी कबुली कधी. लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम 18 खालची कबुली लेखी हवी, सही हवी, आणि महत्त्वाचं म्हणजे मुदत संपायच्या आत हवी. वन टाइम सेटलमेंटचं पत्र, बॅलन्स कन्फर्मेशन, कंपनीचा बॅलन्सशीट, यातून कबुली निघू शकते, बॅलन्सशीटबद्दल सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात तसं म्हटलंय, पण ऑडिटरच्या नोट्स आणि टिपा सोडून फक्त आकडा दाखवू नका, त्या टिपेतच कंपनीने हे देणं मान्य नाही असं लिहून ठेवलेलं असतं.

जुन्या फाइलींमध्ये कोविडचा काळ विसरला जातो. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सुप्रीम कोर्टाने मुदतीतून वगळलाय, त्यामुळे मेलेली वाटणारी मॅटर्स बऱ्याचदा जिवंत निघतात. आणि खरंच मुदत गेली असेल तर कबुलीच्या मागे लागू नका, तिथे कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 25(3) बघा, म्हणजे जुनं देणं फेडीन असं लेखी आणि सहीचं वचन समोरच्याने कुठे दिलंय का.

एनसीएलटीला वसुली खातं समजणं

क्लायंट येतो तोच म्हणत, सर याला एनसीएलटीत टाका, घाबरून पैसे देईल. कधी कधी देतोही, म्हणून ही सवय लागते. पण एनसीएलटी हे कंपन्यांच्या दिवाळखोरीचं ट्रिब्युनल आहे, तिथे मार्च 2020 पासून डिफॉल्ट किमान एक कोटीचा लागतो, आणि ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे माल किंवा सेवेचे पैसे थकलेला, असाल तर डिमांड नोटिशीच्या आधीपासून वाद चालू होता एवढं दिसलं की अर्ज गेला, मोबिलॉक्सचा 2017 चा निकाल तोच सांगतो. चाकणच्या एखाद्या सप्लायरची फाइल घ्या, दोन वर्षांपूर्वी पर्चेस मॅनेजरने एक मेल टाकलेला असतो की माल रिजेक्ट झालाय, बस, तेवढा मेल पुरतो. म्हणून कौन्सिलकडे, म्हणजे कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे, जायच्या आधी क्लायंटचा पूर्ण मेलबॉक्स मागा, त्याने निवडून पाठवलेले मेल नाही.

असा सप्लायर एमएसएमईत रजिस्टर्ड असेल तर फॅसिलिटेशन कौन्सिलचा, म्हणजे छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी मंडळाचा, रस्ता आधी तपासा. तिथे बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ असं व्याज मिळतं आणि अवॉर्डला, म्हणजे तिथल्या निवाड्याला, आव्हान द्यायला समोरच्याला 75 टक्के रक्कम भरावी लागते. हे ऐकून काही कंपन्या सेटलमेंटला बसतात.

बॉरोअरच्या बाजूने उलटी चूक होते. सरफेसीची, म्हणजे बँकेने कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याखालची, कारवाई झाली की थेट हायकोर्टात रिट. सुप्रीम कोर्टाने सत्यवती टंडन प्रकरणात 2010 मध्येच सांगितलंय की डीआरटीचा, म्हणजे कर्जवसुली ट्रिब्युनलचा, मार्ग असताना हायकोर्टाने सहसा हात घालू नये. रिट फेटाळली जाईपर्यंत डीआरटीत जायचे सरफेसीच्या कलम 17 चे 45 दिवस संपत आलेले असतात. आणि डीआरटीत हरलात तर वर जायला 50 टक्के डिपॉझिट आहे, ते फार तर 25 पर्यंत खाली येतं, हे क्लायंटला सुरुवातीलाच सांगा, नंतर सांगितलं तर तो तुम्हालाच शिव्या घालणार.

अर्जन्सीचं नाटक

कमर्शियल कोर्टात तातडीचा रिलीफ मागायचा नसेल तर आधी मीडिएशन सक्तीचं आहे, कमर्शियल कोर्ट्स अ‍ॅक्टचं कलम 12ए, आणि 2022 च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर तर शंकाच नाही. तरीही लोक एक पोकळ इंटरिम अर्ज जोडतात आणि अर्जन्सी आहे म्हणतात. कोर्ट आता बघतं की ही खरी अर्जन्सी आहे की 12ए चुकवायची पळवाट. प्लेंट रिजेक्ट झालाच तर नवा टाकता येतो, मुदत शिल्लक असली तर. मीडिएशनमध्ये गेलेला वेळ मुदतीतून वगळला जातो मग घाई कसली करायची, आणि खरं सांगायचं तर समोरच्याकडे काय डिफेन्स आहे हे तिथे बसल्यावर बरंच कळतं.

डिफेंडंटचे वकील वेगळ्याच घड्याळावर चालतात. रिटन स्टेटमेंटला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कोर्टाने वाढवले तर जास्तीत जास्त 120, त्याच्यापुढे एक दिवस नाही, एससीजी कॉन्ट्रॅक्ट्सच्या 2019 च्या निकालानंतर दयामाया संपली. क्लायंट शंभराव्या दिवशी समन्स घेऊन आला तर सुंदर ड्राफ्ट करत बसू नका, दाव्यातल्या प्रत्येक परिच्छेदाला नेमका नकार आणि त्याचं कारण लिहून फाइल करा. मुदत गेलीच तर क्रॉस, म्हणजे उलटतपासणी, आणि कायद्याचे मुद्दे उरतात, त्यांच्यावर लढा.

प्रिंटआउट जोडला म्हणजे पुरावा झाला असं समजणं

मेल, व्हॉट्सअ‍ॅप, लेजरचे प्रिंटआउट, सगळ्यांना सर्टिफिकेट लागतं. जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या 65बी चं सर्टिफिकेट लागतंच हे ज्या निकालाने पक्कं केलं तो 2020 चा अर्जुन खोतकरांचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतला, त्यामुळे मराठी वकिलाने तरी तो विसरू नये. 1 जुलै 2024 पासून नव्या साक्ष अधिनियमात हे कलम 63 मध्ये गेलंय आणि फॉर्ममध्ये हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, आणि एक्स्पर्टचा भाग आलाय. राहून गेलं असेल तर ट्रायल संपायच्या आत परवानगी मागून देता येतं, पण ज्याने तो कॉम्प्युटर सांभाळला तो माणूस तोपर्यंत नोकरी सोडून गेलेला असतो, म्हणून दावा दाखल करतानाच घ्या. बँकेच्या खात्याला बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टचं सर्टिफिकेट वेगळं.

करिअरबद्दल थोडं

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टात दाखल होतात तिथे, सॉलिसिटर आणि कौन्सिल हे वेगवेगळे रस्ते आहेत, दोन्ही थोडे थोडे करत बसलात तर कुठेच नाव होत नाही. सुरुवातीची काही वर्षं सॉलिसिटरच्या बाजूने घालवा असं माझं मत, कारण डॉक्युमेंट्स तिथेच हाताखालून जातात. चेंबरमध्ये पहिली वर्षं पैसे कमीच मिळतात, त्याची तयारी ठेवा. आणि वसुलीच्या मॅटरमध्ये क्लायंट हमखास विचारतो, वसूल झालं की त्यातले इतके टक्के घ्या. नाही म्हणा. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, आणि तसंही एकदा टक्केवारीत अडकलात की सेटल करा असा सल्ला तुमच्या तोंडून निघत नाही.

शेवटची एक सवय, एनसीएलटीत प्रॅक्टिस करणार असाल तर. ऑर्डर विरोधात गेली की त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीचा अर्ज टाका. दिवाळखोरी कायद्याखालच्या ऑर्डरवर अपिलाचे 30 दिवस ऑर्डर सुनावल्यापासून मोजतात, वर फक्त 15 दिवस माफ होऊ शकतात, आणि कॉपी बनायला लागलेला वेळ वगळून मिळतो तो अर्ज टाकलेला असला तरच. ऑर्डर साइटवर कधी अपलोड होतेय याची वाट बघत बसू नका.